सोळा आण्यांचे दोरे : मूळ संख्यांच्या फळ्यांच्या नोंदी

८ जून २०२५, सांगली

गणित मंडळाच्या प्रदर्शनात काय मांडावे हा प्रश्न नववीत गेलेल्या पुतणीने घरी आणला आणि त्याचे उत्तर अण्णांच्या जुन्या हिशेबातून निघाले. अण्णा म्हणजे माझे वडील. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे सुरू झाले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि गणपती पेठेतील हळदीच्या एका अडत दुकानात नुकतेच कीर्द लिहायला बसले होते. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून शाळेतून बाहेर पडलेल्या शेवटच्या पिढीपैकी ते एक आहेत. पुढे काही काळ आणे (रुपयाचे सोळा, आणि एका आण्याच्या बारा पै) आणि नवे पैसे दोन्ही बाजारात चालत, त्यामुळे एकाच दिवसात दोन पद्धतींनी विचार करण्याची त्यांच्या डोक्याला जी सवय लागली ती अजून गेलेली नाही.

पुतणीने सहज विचारले, "आजोबा, तुमच्या वेळचा एक रुपया सात जणांत कसा वाटायचा?" कागदाला हात न लावता ते म्हणाले, "दोन आणे तीन पै, वर तीन पै शिल्लक. साताचा हिशेब कधी मिटत नाही, बाळा."

का मिटत नाही, आणि मिटत नाही तर पुढे कसा फिरत राहतो, हे दाखवायचे असे आम्ही ठरवले. दशमान पद्धतीत १/७ हा ०.१४२८५७ असा सहा अंकांनी फिरतो, हे पुतणीला ठाऊक आहे. तोच अपूर्णांक आण्यांच्या चालीने, म्हणजे १६ पाया धरून (दहाऐवजी सोळा-सोळाच्या गटांनी मोजून), आणि पैंच्या चालीने, म्हणजे १२ पाया धरून लिहिला तर तो कसा फिरेल, हा आमचा विषय. ९ च्या पुढच्या अंकांसाठी चिन्हे लागतील म्हणून १० ते १५ साठी अनुक्रमे क, ख, ग, घ, च, छ ही अक्षरे घ्यायची असे ठरले.

मांडणी अशी : मूळ संख्या ७ असेल तर वर्तुळावर समान अंतराने सात खिळे ठोकायचे आणि त्यांना ० ते ६ असे क्रमांक द्यायचे. १ च्या खिळ्यापासून निघून त्या क्रमांकाला पायाने गुणायचे, ७ ने भागायचे आणि जी बाकी येईल त्या क्रमांकाच्या खिळ्याला दोरा न्यायचा. भागाकार येतो तो अपूर्णांकाचा पुढचा अंक असतो, बाकी येते तो दोऱ्याचा पुढचा मुक्काम. शाळेत शिकलेला लांबलचक भागाकारच हा, फक्त वहीऐवजी फळीवर केलेला.

१५ जून

सातच्या तीन फळ्या तयार झाल्या. बारा मिलिमीटरचे प्लायवूड आणि बारीक खिळे घेतले, या खिळ्यांना आमचा सुतार चुका म्हणतो, त्यामुळे "तुमच्या चुका संपल्या का?" या त्याच्या प्रश्नावर पुतणी दिवसभर हसत होती.

पाया १० च्या फळीवर दोरा १, ३, २, ६, ४, ५ असा फिरून पुन्हा १ वर आला. पाया १२ च्या फळीवर तो १, ५, ४, ६, २, ३ असा फिरला. दोन्ही फळ्या शेजारी ठेवल्यावर चित्र हुबेहूब सारखे दिसू लागले आणि आपण एकच फळी दोनदा केली या समजुतीने पुतणीने दुसरीचा दोरा सोडवायला घेतला. मी तिला थांबवले. चित्र सारखेच आहे, फिरण्याची दिशा मात्र उलटी आहे, कारण १० ला ७ ने भागल्यावर ३ उरतात, १२ ला भागल्यावर ५ उरतात आणि ३ गुणिले ५ म्हणजे १५, ज्यात ७ ने भागल्यावर १ उरतो. एक पाया दोऱ्याला जितके पुढे नेतो तितकेच दुसरा मागे आणतो. पाया १२ मध्ये १/७ हा ०.१८६क३५ असा येतो आणि या सहा अंकांचे दोन तुकडे एकमेकांत मिळवले तर १८६ अधिक क३५ म्हणजे खखख होतात, जसे दशमानात १४२ अधिक ८५७ म्हणजे ९९९ होतात. आवर्तनाची लांबी सम असेल तेव्हा मूळ संख्येच्या बाबतीत हे नेहमीच घडते. मिदी या फ्रेंच गणितज्ञाने १८३६ मध्ये ते दाखवले.

तिसऱ्या फळीने मात्र घोळ घातला. पाया १६ धरला की दोरा १, २, ४ असा तीनच खिळ्यांवर फिरून परत येतो आणि ३, ५, ६ कोरडे राहतात. त्यांच्यासाठी वेगळा दोरा बांधावा लागतो. अपूर्णांक ०.२४९२४९ असा तीनच अंकांत फिरतो. दोन त्रिकोण झाले, एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. पुतणीला ही फळी अधुरी वाटते. मला तीच सर्वांत बोलकी वाटते.

१७ जून

आण्यांच्या फळीवर एक दोरा का पुरत नाही, हे आज तिला समजावून सांगितले. खिळ्यांपैकी ज्यांचे क्रमांक वर्गसंख्यांच्या बाक्या आहेत त्यांना लाल खूण करायची. सातच्या बाबतीत १, ४, ९, १६ इत्यादींच्या बाक्या १, ४, २ एवढ्याच येतात, म्हणजे निम्म्या खिळ्यांना लाल खूण आणि निम्मे कोरे. आता १६ हा स्वतः ४ चा वर्ग आहे. लाल खिळ्याच्या क्रमांकाला वर्गाने गुणले तर येणारी बाकीही वर्गाचीच असते, म्हणून लाल खिळ्यावरून निघालेला दोरा लाल खिळ्यावरच जातो, कोऱ्यावरचा कोऱ्यावरच राहतो आणि मधली हद्द कधीच ओलांडली जात नाही. ७ च्या जागी २ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या, हाच निकाल. १०० च्या आतल्या मूळ संख्यांपैकी ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७ या नऊ संख्या दशमानात एकाच दोऱ्यात सगळे खिळे घेतात, पाया १२ मध्ये ५, ७, १७, ३१, ४१, ४३, ५३ आणि ६७ या आठ घेतात, आणि पाया १६ मध्ये एकही नाही.

२२ जून

१३ आणि १७ च्या फळ्या झाल्या. पाया १६ वर तेराचे चार त्रिकोण पडले : १-३-९, २-६-५, ४-१२-१० आणि ७-८-११. म्हणजे निम्मे-निम्मे नव्हे तर चार वाटे. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. १६ हा नुसता वर्ग नाही, तो २ चा चौथा घात आहे, आणि जिथे खिळ्यांची संख्या (शून्याचा खिळा सोडून) ४ ने भागली जाते तिथे चौथ्या घाताने गुणल्यावर दोरे किमान चार वाट्यांत विभागले जातात. तेराला बारा खिळे आहेत. बाराला ४ ने भाग जातो.

सतराच्या फळीवर आठ आडव्या समांतर रेषा आल्या, कंगव्याच्या दातांसारख्या. १६ म्हणजे १७ उणे १, त्यामुळे प्रत्येक दोरा समोरच्या खिळ्यावर जाऊन तसाच परत फिरतो, अपूर्णांक ०.०छ०छ असा दोनच अंकांत फिरतो. दशमानात ११ चे असेच होते. सतराचे आठ दोरे हा पायाला चिकटून बसल्याचा परिणाम आहे, त्यात अधिक काही नाही, असे मी वहीत लिहून ठेवले. ते वाक्य आज खोडत नाही, पण पुढच्या नोंदी वाचताना ते लक्षात ठेवावे.

२९ जून

प्रदर्शनाची मुख्य फळी ९७ ची करायची ठरली आहे, कारण दशमानात ती एका दोऱ्याने पूर्ण होते आणि लांबून पाहणाऱ्यालाही जाळे भरगच्च दिसते. दोन फळ्या लागतील, एक पाया १० ची आणि एक पाया १६ ची. त्रिज्या २५ सेंटिमीटर धरली, परीघ १५७ सेंटिमीटर आला, म्हणजे दोन खिळ्यांमधले अंतर सोळा मिलिमीटरच्या थोडे वर. मी कर्कटकात सरळ सोळा मिलिमीटर धरून खुणा करत गेलो. शहाण्णव पावले टाकून झाल्यावर शेवटच्या आणि पहिल्या खिळ्यामध्ये तब्बल पस्तीस मिलिमीटरचे अंतर उरले. दर पावलाला एक पंचमांश मिलिमीटर सोडला की शहाण्णव पावलांत एका अख्ख्या खिळ्याहून मोठी जागा गळते, हे मला आधी सुचायला हवे होते. तोवर चाळीस खिळे ठोकून झाले होते. ते उपटताना प्लायवूडचा वरचा पापुद्रा दोन ठिकाणी उचकटला.

अण्णा खुर्चीवरून बघत होते. "दर गोणीमागे छटाकभर घट धरली नाही की सौद्याच्या शेवटी असंच होतं," एवढेच म्हणाले. उद्या संगणकावर ३६० अंशांचे ९७ भाग करून वर्तुळ छापून आणायचे आणि फळी उलटी करून मागच्या बाजूने वापरायची.

२ जुलै

छापील वर्तुळ चिकटवून दोन्ही फळ्यांचे खिळे ठोकून झाले. पुतणीने दोऱ्याचा मार्ग स्प्रेडशीटवर काढून आणला होता, पण दशमानाचा दोरा मध्येच भरकटत होता आणि आधी येऊन गेलेल्या खिळ्यावर अवेळी परत येत होता. तिने १० चा घात आधी पूर्ण काढून मग ९७ ने भागून बाकी घेतली होती. स्प्रेडशीट सुमारे पंधराच अंक अचूक धरते, त्यामुळे तीस-चाळीस अंकी संख्येची बाकी मागितली की मिळणारे उत्तर विश्वासाचे राहत नाही. प्रत्येक पायरीला फक्त आधीची बाकी घेऊन तिला १० ने गुणायचे, असा बदल केल्यावर आकडा कधी हजाराच्या घरात गेलाच नाही आणि दोरा शहाण्णव खिळे घेऊन शहाण्या मुलासारखा घरी आला.

६ जुलै

आषाढी एकादशी. साबुदाण्याची खिचडी खाऊन आम्ही तिघे टेबलाशी बसलो आणि १०० च्या आतल्या सर्व मूळ संख्यांसाठी, २ वगळून, पाया १६ वर किती दोरे लागतात याचा तक्ता केला. चोवीस संख्या होत्या. ३, ७, ११, १९, २३, ४७, ५९, ६७, ७१, ७९ आणि ८३ यांना दोन दोरे लागले. ३१ आणि ४३ यांना सहा लागले. ५, १३, २९, ३७, ५३ आणि ६१ यांना चार. आणि १७, ४१, ७३, ८९ व ९७ यांना आठ.

चारपर्यंत मला हिशेब ठाऊक होता. आठ हा आकडा मला अपेक्षित नव्हता. ४१ ला चाळीस खिळे आहेत; १६ हा चौथा घात आहे म्हणून चार वाटे पडायलाच हवेत, पण तिथे पाच-पाच खिळ्यांचे आठ दोरे पडतात. ७३ वर नऊ-नऊ खिळ्यांचे आठ, ८९ वर अकरा-अकराचे आठ, ९७ वर बारा-बाराचे आठ. एखाद-दुसरी संख्या असती तर योगायोग म्हटले असते; ३१ आणि ४३ चे सहा मी तसेच सोडून दिले आहेत, कारण तिथे सक्तीचे वाटे दोनच आहेत आणि वरचे तिप्पट त्या संख्यांच्या स्वभावाचे आहेत. पण पाचपैकी पाच ठिकाणी नेमके आठ?

तक्त्यात पुतणीने मूळ संख्येच्या शेजारी ती पाया १६ मध्ये कशी लिहितात याचाही रकाना केला होता : १७ म्हणजे ११, ४१ म्हणजे २९, ७३ म्हणजे ४९, ८९ म्हणजे ५९, ९७ म्हणजे ६१. माझे लक्ष दोऱ्यांच्या रकान्यात होते. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून तो दुसरा रकाना वाचला, तोही त्यांच्या पद्धतीने. "एक रुपया एक आणा. दोन रुपये नऊ आणे. चार रुपये नऊ आणे. पाच रुपये नऊ आणे. सहा रुपये एक आणा." मग थोडे थांबून म्हणाले, "आठ दोरे लागतात त्या सगळ्यांचा आणा एक आहे, नाहीतर नऊ. बाकी कुणाचाच नाही."

पुतणीने लगेच चारवाल्यांचे आणे पाहिले. तिथे सगळीकडे ५ किंवा घ होता, म्हणजे पाच आणे नाहीतर तेरा आणे. दोन आणि सहावाल्यांकडे ३, ७, ख, छ. सोळा पायाच्या लेखनात शेवटचा अंक पाहून दोऱ्यांचे किमान वाटे सांगता येत होते. दशमानात लिहिलेल्या ४१ आणि ६१ यांच्या शेवटच्या अंकाकडे पाहून दोऱ्यांबद्दल काहीही कळत नाही, दोन्हींचा शेवट १ च आहे. मी ही संख्यांची ओळख तीस वर्षे वहीत वापरत आलो आहे, "८ ने भागल्यावर १ उरतो" अशा शब्दांत, आणि ती रुपये-आण्यांच्या रकान्यात उघड दिसते हे मला ज्यांनी सांगितले त्यांचे शिक्षण जुन्या सातवीपर्यंतचे.

७ जुलै, रात्री

कारण सापडले, आणि ते इतके जवळ होते की सकाळी लिहिण्याऐवजी आत्ताच लिहून ठेवतो. ज्या मूळ संख्येला ८ ने भागल्यावर १ उरतो तिच्या फळीवर २ क्रमांकाचा खिळा नेहमी लाल असतो, म्हणजे २ ही तिथे कुठल्यातरी वर्गाची बाकी असते. ९७ वर १४ चा वर्ग १९६, त्यातून दोन वेळा ९७ गेले की २ उरतात. ४१ वर १७ चा वर्ग २८९, त्यात सात वेळा ४१ आणि वर २. ७३ वर ३२ चा वर्ग १०२४, चौदा वेळा ७३ आणि वर २. ८९ वर २५ चा वर्ग ६२५, सात वेळा ८९ आणि वर २. आता १६ हा २ चा चौथा घात आणि २ हा स्वतः वर्ग, म्हणून त्या फळीवर १६ हा आठवा घात होतो. खिळ्यांची संख्याही तिथे ८ ने भागली जाते. वाटे आठ पडणारच. सतराबद्दल २२ जूनला जे लिहिले होते ते अपुरे होते. तिथेही ६ चा वर्ग ३६, त्यातून ३४ गेले की २, आणि आठ समांतर रेषा याच घरातल्या आहेत.

आठच का, अधिक का नाही, याला मात्र उत्तर नाही, कारण ते खरे नाही. १०० च्या पुढे ११३ तपासला. सात रुपये एक आणा. तिथे दोरे सोळा लागतात, सात-सात खिळ्यांचे. नियम "आठ" असा नाही, "आठच्या पटीत" असा आहे, आणि १०० च्या आतली पाचही उदाहरणे नेमकी आठची निघणे हा आम्हाला चकवणारा योग होता. पुतणीच्या फलकावरचे वाक्य त्याप्रमाणे दुरुस्त करायचे.

१२ जुलै

चारवाल्या संख्यांकडे परत गेलो. १३ वर २ हा वर्ग नाही, पण ५ चा वर्ग २५ म्हणजे उणे १ आहे (२६ ला एक कमी). अशा संख्येत १ मिळवून ६ घ्या. ६ चा वर्ग ३६, बाकी १०. १० चा वर्ग १००, बाकी ९. ९ चा वर्ग ८१, बाकी ३. आणि १६ चीही बाकी ३ च. म्हणजे तेराच्या फळीवरसुद्धा १६ हा आठवा घात आहे, खिळे बाराच असल्यामुळे वाटे मात्र चारच पडतात. तीन आणे किंवा अकरा आणे शेवट असलेल्या संख्यांवर उणे २ हा वर्ग असतो, सात आणे आणि पंधरा आणेवाल्यांवर २ हा वर्ग असतो, आणि २ चा किंवा उणे २ चा चौथा घात १६ च. थोडक्यात कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्या फळीवर १६ हा कुठल्यातरी संख्येचा आठवा घात असतोच. आणि तरीही पूर्ण संख्यांत १६ हा कुणाचाही आठवा घात नाही. १ चा आठवा घात १, २ चा २५६, मध्ये काही नाही.

ज्या गोष्टीला प्रत्येक मूळ संख्या स्वतंत्रपणे होकार देते ती सर्वांची मिळूनही खरी असावी, असे वाटणे साहजिक आहे आणि या समजुतीने मोठ्यांनाही फसवले आहे. ग्रुनवाल्ड यांनी १९३३ मध्ये याच जातीचे एक प्रमेय सिद्ध केल्याचे प्रसिद्ध केले, ते पंधरा वर्षे खरे मानले गेले आणि १९४८ मध्ये प्रिन्स्टन येथे वांग या विद्यार्थ्याने ते चुकीचे असल्याचे दाखवले. त्याने वापरलेले उदाहरण हेच, १६ आणि आठवा घात. वांगचे मार्गदर्शक होते एमिल आर्टिन.

आर्टिन यांचे नाव पहिल्या फळीशीही जोडलेले आहे, म्हणून पुतणीला ते दोन्हीकडे लिहायला सांगितले. दशमानात एकाच दोऱ्याने पूर्ण होणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत का, याचे उत्तर आजही सिद्ध झालेले नाही. आर्टिन यांनी १९२७ मध्ये अंदाज मांडला की पाया वर्गसंख्या नसेल आणि उणे १ नसेल तर अशा मूळ संख्या अनंत असतात. १० आणि १२ सारख्या पायांसाठी त्यांचे प्रमाण सुमारे ०.३७४ असायला हवे. १०० च्या आतल्या पंचवीस मूळ संख्यांत आमच्या नऊ, म्हणजे ०.३६. हूली यांनी १९६७ मध्ये हा अंदाज सिद्ध केला, पण रीमान यांच्या गृहीतकाचे (मूळ संख्यांच्या विखुरण्याबद्दलचा, अजून सिद्ध न झालेला अंदाज) व्यापक रूप खरे धरून. हीथ-ब्राउन यांच्या १९८६ च्या कामातून असे निघते की २, ३ आणि ५ यांपैकी निदान एका पायासाठी तो खरा आहे, मात्र नेमका कोणता ते सांगता येत नाही. अण्णांना हे फार आवडले. "तिघांपैकी एकाकडे माल आहे, पण कुणाच्या वखारीत ते सांगता येत नाही," असे त्यांनी शेजाऱ्यांना सांगितल्याचे मी ऐकले.

१३ जुलै

अण्णांची तक्रार : रुपयाच्या पै १९२ होत्या, त्याचा पाया का नाही धरला? रास्त आहे. १९२ पाया धरला तर सातचा दोरा एकच होतो, कारण १९२ ला ७ ने भागल्यावर ३ उरतात, दशमानासारखेच. आण्यात अडकलेला सातचा हिशेब पैंत मोकळा फिरतो. ९७ वर मात्र दोन दोरे लागतात, अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस खिळ्यांचे. आणि १९२ च्या दोन्ही बाजूंना १९१ आणि १९३ या जुळ्या मूळ संख्या बसल्या आहेत, जशा १२ च्या बाजूंना ११ आणि १३. यावर फळी करायला वेळ नाही, फलकावर दोन ओळी टाकू.

१९ जुलै

दोरा किती आणायचा याचा हिशेब करताना एक गंमत हाती लागली. ९७ च्या दशमान फळीला सुमारे ३१ मीटर दोरा लागला होता. पाया १६ च्या फळीला तुकडे आठ, म्हणून वेगळा हिशेब करायला बसलो, तर एकूण लांबी तेवढीच आली. मग लक्षात आले की येणारच. एका खिळ्यावरून पुढच्या खिळ्यापर्यंत दोरा किती घरे ओलांडतो ते पाहिले तर पाया कोणताही असो, १ घरापासून ९६ घरांपर्यंतची प्रत्येक उडी एकदाच येते. क्रम तेवढा बदलतो. पाया १ किंवा ० सारखा वागत नसला की बास. आठ तुकड्यांची वाटणी मात्र सारखी नाही, सरासरी चार मीटरला थोडी कमी असली तरी एखाद्याला जास्त लागतो, त्यामुळे प्रत्येक रंगाचे पाच मीटर घेतले.

दुकानात रंग सातच मिळाले.

२० जुलै

आठवा रंग घरी करायचे ठरले. पांढरा दोरा हळदीच्या पाण्यात उकळला. सांगलीत राहून पिवळ्या दोऱ्यासाठी दुकानाची वाट बघणे बरे दिसले नसते. पहिला दोरा पातेल्यातून तांबूस निघाला. पातेले घासताना साबण राहून गेला होता, आणि हळदीला साबण-सोडा लागला की ती लाल होते, कुंकू करताना हळदीत चुना घालतात तसेच. तो तांबूस दोरा लाल दोऱ्याशेजारी ओळखू येईना म्हणून टाकून दिला आणि पातेले दोनदा विसळून पुन्हा उकळले. दुसरा दोरा स्वच्छ पिवळा आला. बाहेर पाऊस थांबत नव्हता, तेव्हा पंख्याखाली खुर्च्यांच्या पाठीवर ताणून वाळवला.

२२ जुलै

पाया १६ ची ९७ ची फळी आज पूर्ण झाली. पिवळा दोरा १ पासून बांधला : १, १६, ६२, २२, ६१, ६, ९६, ८१, ३५, ७५, ३६, ९१ आणि परत १. सहाव्या उडीला तो ९६ वर, म्हणजे उणे १ वर येतो आणि तिथून पुढचा अर्धा प्रवास पहिल्याचे आरशातले प्रतिबिंब असतो. दोरा बांधताना पुतणी आकडे मोठ्याने वाचत होती आणि अण्णा प्रत्येक आकडा मनातल्या मनात सोळापट करून मी चुकतोय का ते बघत होते. "एकसष्ट सोळे नऊशे शहात्तर, दहा सत्त्याण्णव नऊशे सत्तर, उरले सहा." एकदाच त्यांनी थांबवले, सहाव्या दोऱ्यावर, आणि ते बरोबर होते, मी शेजारचा खिळा घेतला होता.

लाल खुणा मी फळीवरून काढून टाकायला निघालो होतो. पुतणीने राहू दिल्या. चार दोरे फक्त लाल खिळ्यांवर आहेत, चार फक्त कोऱ्यांवर, आणि एवढ्या गर्दीत एकही दोरा चुकून दुसरीकडे गेलेला नाही, हे पाहणाऱ्याने स्वतः बोट फिरवून तपासावे असे तिचे म्हणणे आहे.

२५ जुलै

फळ्या शाळेत पोचल्या. दमट हवेत कडेचे तीन खिळे सैल झाले होते, ते डिंक लावून बसवले. फलकावर ११३ चा प्रश्न मोकळा ठेवला आहे : सात रुपये एक आणा, किती दोरे? खाली रिकामी चौकट आणि एक पेन्सिल दोऱ्याने बांधलेली, उरलेल्या पिवळ्या दोऱ्याने.